कूलरची हवा लागली म्हणे

मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. चाकांवर फिरणारा, प्लास्टिकचा, गुळगुळीत कूलर तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल तर तो मी नव्हे. मी चौकोनी आणि जड आहे, कोपऱ्यांत गंजलेला आहे आणि चालू झालो की आधी थोडा खोकतो. मित्रांनो, एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला माणसांची शिसारी येते. सगळ्यांची नाही, पण ज्यांची येते त्यांची भरपूर येते.

माझा जन्म शहागंजातल्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. हातोडीचे ठोके खाऊन मी उभा राहिलो, अंगावर निळा रंग चढला आणि भावंडांबरोबर रस्त्याच्या कडेला गिऱ्हाइकाची वाट बघू लागलो. मला नेलं बद्रीनाथ यांनी. ते मूळचे फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातले, पण नोकरी शहरात, गुलमंडीच्या बाजारातल्या कापडाच्या दुकानात. नुकतंच लग्न झालं होतं. मला टमटममध्ये घालून ते हर्सूलच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी आले आणि त्यांनी मला खिडकीत बसवलं. माझं तोंड खोलीत आणि पाठ बाहेर ओट्यावर. त्यामुळे आत काय बोलतात आणि बाहेर काय बोलतात, दोन्ही मला ऐकू येतं. दोन्हींत केवढा फरक असतो, ते तुम्हाला नाही कळायचं. कळू नये असंच वाटतं.

माझे ते दिवस फार चांगले गेले. उन्हाळ्यात पाहुणे आले की माझ्यासमोरची जागा धरायला भांडायचे. बद्रीनाथांची मोठी बहीण चतुराबाई तर बॅग खाली ठेवायच्या आधी माझ्यासमोर पदर पसरून बसायची. "याच्यासमोरून उठूच वाटत नाय बाई," म्हणायची. तिचं हे वाक्य लक्षात ठेवा.

मग घरात शिवकन्या आली, रांगली, मोठी झाली आणि मला पाणी भरायचं काम तिने स्वतःहून घेतलं. आमच्याकडे नळाला पाणी येतं तेव्हा सणासारखी धांदल उडते. एरवी ड्रममधलं पुरवून वापरायचं. शिवकन्या त्या ड्रममधून मगाने पाणी काढायची आणि एक थेंब न सांडता माझ्या टाकीत ओतायची. ओतताना माझ्याशी बोलायची. होळीनंतर माझी आठवण काढणारी आणि दिवाळीनंतरही माझ्यावरचा कचरा हटवणारी त्या घरात ती एकटीच होती. बाकीच्यांनी हिवाळाभर माझ्या डोक्यावर जुन्या चपला, तुटकी बादली आणि रद्दी रचून ठेवलेली असायची.

करोनाची दुसरी लाट आली त्या वर्षी चतुराबाई होळीला म्हणून आली होती आणि सगळं बंद झाल्यावर आमच्याकडेच अडकली. गुलमंडीवरची दुकानंही बंद होती. म्हणजे पुढून बंद होती. बद्रीनाथांच्या मालकाने मागचं दार उघडं ठेवलं होतं, कारण लग्नसराई होती. लग्न म्हटलं की बस्ता आला, आणि बस्ता बांधायला एकटं कोण येतं? नवरीची आई, मावश्या, आत्या, शेजारीण, सगळ्यांनी मिळून साड्या बघायच्या. शटर खाली, खिडक्या बंद, मास्क हनुवटीवर, आणि त्या गर्दीच्या मधोमध बद्रीनाथ साड्या उलगडून दाखवत बसलेले. संध्याकाळी घरी आले की माझ्यासमोर बसून हळू आवाजात बायकोला सांगायचे, "लक्ष्मे, नाय म्हणलं तर नोकरी जाईन." लक्ष्मी पाण्याचा तांब्या पुढे करायची. पोरीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

एका दुपारी बद्रीनाथ घरी आले ते लालबुंद होऊन. आल्या आल्या आडवे झाले. "लई उकडतंय," म्हणाले. ऊन असं होतं की ओट्याच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. शिवकन्येने मला काठोकाठ भरलं. मग तिने आत डोकावून पाहिलं, आई स्वयंपाकघरात नाही याची खात्री केली आणि फ्रीजमधला बर्फाचा ट्रे आणून माझ्या टाकीत उपडा केला. बर्फाला हात लावला की आई रागवायची, म्हणून ही सगळी चोरी. "आता बाबांना गार वाटेल," ती माझ्या जाळीला तोंड लावून म्हणाली. मी माझ्या आयुष्यात इतकी गार हवा कधी सोडली नव्हती. बद्रीनाथ गाढ झोपले.

उठले ते ताप घेऊनच. तपासणी झाली आणि करोना निघाला. त्यांना माझ्या खोलीत एकटं ठेवलं, दाराला बाहेरून कडी. मला बंद केलं.

आता खरी किळसवाणी गोष्ट सुरू होते.

आमच्या गल्लीत कुणाकडे करोना निघाला की दूधवाला दारात थांबत नसे, पाण्याचा टँकर आला तरी त्या घरच्यांनी सगळ्यांत शेवटी जायचं. ते टाळायचं म्हणून घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, बाहेर काही बोलायचं नाही, पोरीलाही काही सांगायचं नाही. शेजारच्या भागूबाईने कुंपणावरून विचारलं, "बद्रीनाथ दिसना गेले?"

चतुराबाई ओट्यावर, माझ्या पाठीला टेकून उभी होती. शिवकन्या पायरीवर बसली होती. चतुराबाई म्हणाली, "काही नाय गं. कूलरची हवा लागली. पोरीनं काठोकाठ भरला पाण्यानं, अन् हा उन्हातून येऊन समोरच झोपला. सर्दी हाय साधी."

इतक्या सहज म्हणाली! जीभ जराही अडखळली नाही. भागूबाईला पटलं की नाही कोण जाणे, पण पायरीवर बसलेल्या एका जिवाला ते पूर्ण पटलं. शिवकन्येने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला तोंड असूनही बोलता येत नाही, याची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

मग तीच गोष्ट दूधवाल्याला सांगितली गेली, फोनवर फुलंब्रीला सांगितली गेली. दर वेळी तिला थोडा मीठ-मसाला लागायचा. "लेकरू हाय, तिला काय कळतंय, भरलं भसाभसा पाणी." जिने उन्हाळ्यामागून उन्हाळे माझ्यासमोरून उठायला नकार दिला, ती आता मला अवदसा म्हणत होती. मला म्हणो. पत्र्याला काय होतं? पण एकदा तरी खाली पायरीकडे बघायचं होतं.

आत बद्रीनाथांचा खोकला वाढत गेला. बाहेर शिवकन्या माझ्या जाळीला कान लावून तो ऐकत बसायची. हाक मारायची नाही. फक्त पुटपुटायची, "मी परत नाय टाकणार. देवा, मी परत बर्फ नाय टाकणार."

एका दुपारी बद्रीनाथांना श्वास घेता येईना. पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली माणसं आली आणि त्यांना गाडीत घालून घेऊन गेली. लक्ष्मी मागून निघाली. गच्चीगच्चीवर लोक उभे होते आणि मोबाईल धरून शूटिंग करत होते. एक बाप घशाशी आलेला श्वास ओढतोय, एक पोर दारात थरथरतंय, आणि ही मंडळी शूटिंगसाठी अँगल बघतायत! थुंकता आलं असतं तर मी थुंकलो असतो.

त्यानंतर करोना सगळ्यांनाच कळला. बाहेरच्यांसाठी रचलेली गोष्ट बाहेरचे लोक विसरूनही गेले. शिवकन्येला मात्र कुणी सांगितलं नाही की ती गोष्ट खोटी होती. तिने आपल्या मनाशी जुळवून घेतलं, आधी बर्फाची हवा, मग सर्दी, मग सर्दीचा करोना. चतुराबाईला तिने एकदाच विचारलं, "आत्या, सर्दीचा करोना होतो का?"

"मंग कशाचा होतो?" चतुराबाई भाकरी थापता थापता म्हणाली. झालं, शिक्कामोर्तब.

फवारणीवाले आले, त्यांनी माझ्यावर कसलंतरी उग्र औषध मारलं आणि माझा निळा रंग पोपडे धरून सुटला. टाकीतलं पाणी कुणी काढलं नाही. ते हिरवं झालं, त्याला बुळबुळीत साय आली, त्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या. ओट्यावर घाण वास सुटला. मला माझीच किळस यायची. पण खरं सांगू? माझ्या पोटात जे सडत होतं ते निदान वासावरून कळत तरी होतं. शिवकन्येच्या पोटात जे सडत होतं त्याला वास नव्हता.

ती गप्प झाली. पंख्याखाली बसेना, गार पाणी पिईना. अंथरूण ओलं व्हायला लागलं तेव्हा सगळे उठायच्या आत चादर स्वतःच धुवून टाकायची. दवाखान्यातून लक्ष्मीचा फोन यायचा, "शिवू, शहाण्यासारखी राहा बरं का. त्रास देऊ नको कुणाला." ती "हो" म्हणायची. आणि चतुराबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, "लई समजूतदार पोर! एकदा रडली नाय की हट्ट केला नाय." मित्रांनो, ही शाबासकी ऐकून माझ्या अंगावर काटा आला. लेकरू आतून विझत चाललंय आणि तुम्ही टाळ्या काय वाजवता?

बद्रीनाथ वाचले. वाळून काटकी झाले होते, पण चालत घरात आले. शूटिंग करणारे तेच लोक आता गच्चीवरून टाळ्या वाजवत होते. शिवकन्या उंबऱ्याशीच थांबली. "लाजतीय बापाला," सगळे हसले. दुपारी बद्रीनाथ झोपले की ती येऊन त्यांच्या नाकापुढे बोट धरायची. श्वास लागला की जायची. थोड्या वेळाने परत यायची. हे मला दिसत होतं. माणसांना डोळे दोन असतात, पण ते नेमके कुठे असतात देव जाणे.

चतुराबाई गावी गेली. माझ्यावर चादर पडली, तिच्यावर पावसाळा गेला, हिवाळा गेला. शाळेत शिवकन्या बोलत नाही अशी तक्रार आली. "पहिल्यापासून शांतच हाय," म्हणून ती मिटवली गेली.

पुढच्या उन्हाळ्यात चतुराबाई पुन्हा आली आणि आल्या आल्या म्हणाली, "बद्री, कूलर कामून बंद हाय? जीव चाललाय उकाड्यानं." बद्रीनाथांनी माझ्यावरची चादर ओढली, नाकाला रुमाल बांधला आणि माझ्या पोटातला वर्षाचा गाळ उपसून काढला. खरवडलं, धुतलं, जाळ्यांत नवा वाळा बसवला. मग त्यांनी हाक मारली, "शिवे, तो मग घे बरं, पाणी भर. तुझं काम हाय हे."

शिवकन्या दारात आली, मगाकडे पाहिलं आणि किंचाळली. "मी नाय! मी नाय भरणार! तुम्ही मरून जाल!"

बद्रीनाथांच्या हातातला खराटा गळून पडला. लक्ष्मी धावत आली. पोरगी भिंतीला चिकटून हुंदके देत होती आणि हुंदक्यांतून तुटक तुटक बोलत होती, "आत्या म्हणली होती... माझ्या पाण्यानं... हवा लागली..."

"मी?" चतुराबाई म्हणाली. "मी कधी म्हणलं बाई असं?"

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच आठवत नव्हतं! मला सगळ्यांत जास्त शिसारी आली ती याची. एका लेकराने जे वाक्य वर्षभर उशाशी घेऊन झोपायचं, ते बोलणारीच्या आठवणीतही नसावं?

बद्रीनाथ खाली फरशीवर, माझ्या पाठीशी बसले. पोरीला ओढलं नाही, ये म्हणाले नाहीत. "शिवे, ऐक," त्यांनी सुरुवात केली. "दुकान बंद नव्हतं. मागच्या दारानं चालू होतं. मी रोज जात होतो."

"अहो, कशाला आता..." लक्ष्मी चाचरली.

"बोलू दे. कोंडलेल्या खोलीत बस्त्याची गर्दी व्हायची. मला तिथं झाला करोना. घरी आलो तवाच ताप होता अंगात. मला ठाऊक होतं जाऊ नाय, तरी गेलो. लोकांना काय सांगावं म्हणून कूलरचं नाव पुढं केलं. मला माहीत होतं, मी गप बसलो. तुझ्या पाण्यानं काही झालं नाय."

शिवकन्या भिंतीपासून जराशी सुटी झाली. मग अगदी बारीक आवाजात तिने विचारलं, "बर्फानं पण नाय?"

"कोणता बर्फ?"

"मी ट्रे टाकला होता. सगळा."

बद्रीनाथांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचे डोळे भरून आले. "तू टाकला होता व्हय? म्हणून इतकं गार लागलं! दवाखान्यात जीव कासावीस व्हायचा ना शिवे, तवा मी डोळे मिटून तीच दुपार आठवायचो."

आता ती आली. धावत आली आणि त्यांच्या छातीवर डोकं आपटून आपटून मोठ्याने, भोकाड पसरून रडली. समजूतदारपणा सगळा वाहून गेला. किती बरं वाटलं मला!

असं समजू नका की त्या दिवशीच सगळं नीट झालं. बद्रीनाथ तिला मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जातात. "पोरगी काय येडी हाय का?" चतुराबाईने विचारलंच. आयुष्यात पहिल्यांदाच बद्रीनाथ बहिणीवर ओरडले, "आक्का, ताप आल्यावर नेत नाय का?" अजूनही शिवकन्या एखाद्या दुपारी बापाच्या नाकापुढे बोट धरते. पण आता बद्रीनाथ जागेच असतात आणि ते बोट हळूच चावतात.

मित्रांनो, मी पत्र्याचा डबा, माझं कोण ऐकणार? तरी सांगतो. घरात कुणी आजारी पडलं आणि "माझ्यामुळे झालं" असं तुमच्या मनात आलं, तर ते पोटात ठेवू नका. विचारा. परत परत विचारा. मोठे उडवून लावतील, तरी पिच्छा सोडू नका. आणि तुम्ही रडत नाही म्हणून कुणी कौतुक करायला लागलं, तर त्याच्यासमोर मुद्दाम मोठ्याने रडा.

आज भर दुपारी फ्रीजचं दार वाजलं. शिवकन्या ओट्यावर आली. चोरून नाही, चांगली पाय आपटत आली. ट्रे माझ्या टाकीत उपडा केला आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, "बाबा, बर्फ टाकला!"

"टाक," आतून आवाज आला. "अजून असला तर अजून टाक."