महादूच्या डाव्या हातातला रिमोट

मित्रांनो, मी सर्जेकोटच्या एका घरातला जुना रिमोट आहे. माझ्यावरचे आकडे पुसून गेले आहेत, एक कोपरा तुटला आहे आणि पाठीवरचे झाकण रबराने बांधलेले आहे. माझी कीव करू नका. मी चिडलेलो आहे, आणि का चिडलो तेच तुम्हाला सांगणार आहे.

१९९८ साली मालवणच्या बाजारातून एकवीस इंची रंगीत टीव्हीबरोबर मी या घरी आलो. घर महादूचे. महादू रापणीवर जायचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून पंचवीस-तीस माणसांनी मिळून ओढायचे मोठे जाळे. ओढताना एकाने हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी जोर लावायचा. ती हाळी महादूची असे. घरात तो नुसता "गो, च्या दी" म्हणाला तरी शेजारणीला वाटे, आपल्यालाच सांगितले. त्याची बायको यशोदा मासे विकायला बाजारात बसायची. खाऱ्या हवेने मी खराब होईन म्हणून तिने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, आणि महादूने हात धुतल्याशिवाय ती मला त्याच्याकडे देत नसे. त्या काळात माझे फार कौतुक होते.

२००४ साली महादूला अर्धांगवायू झाला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. एवढ्या आवाजाचा माणूस, पण तोंडातून नुसता घशाचा घोगरा सूर निघे. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्याची खाट घातली. तिथून त्याला खाडीत शिरणाऱ्या होड्या दिसत. एके दिवशी यशोदा मागल्या दारी मासे साफ करत असताना त्याला तहान लागली. हाक मारता येईना. डाव्या हाताशी मी होतो. त्याने माझे आवाज वाढवायचे बटण दाबले आणि दाबूनच धरले. टीव्ही किंचाळू लागला. यशोदा धावत आली आणि म्हणाली, "काय झाला? पाणी व्हया?" त्याने मान हलवली.

तेव्हापासून मी त्याचा आवाज झालो. पाणी हवे असेल तर आवाज तीनदा वरखाली. बाहेर जायचे असेल तर आवाज एकदम पूर्ण, कारण तेव्हा घाई असे. कोणी आलेला माणूस नको असेल तर टीव्ही बंद. यशोदा म्हणायची, "कळला, कळला, चाललो तो." हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. चार वर्षे मी रोज बोललो, मित्रांनो. असे काम कुठल्या रिमोटला मिळते?

त्यांचा मुलगा नितेश मस्कतला नोकरीला होता. बापाच्या आजारपणात तो आठ दिवस येऊन गेला होता, त्यानंतर थेट २००८ च्या चतुर्थीला आला. येताना होम थिएटर घेऊन आला. पाच स्पीकर, एक जड काळा डबा, डीव्हीडी प्लेअर आणि छत्रीवाल्या डिश टीव्हीची पेटी. आल्या आल्या म्हणाला, "बाबांसाठी हाडलंय. दिवसभर बसान आसतत, जरा बरो आवाज आयकूदेत." तो हे मनापासून म्हणाला होता. खोटे कशाला सांगू?

त्याचा मित्र सर्वेश मदतीला आला. दोघांनी भिंतीला भोके पाडली, लाल-काळ्या वायरी खिळ्यांनी ठोकल्या. मागचा स्पीकर बसायला जागा हवी, म्हणून महादूची खाट खिडकीपासून उचलून कोपऱ्यात नेली. खाटेवर महादू होताच. त्याला कोणी विचारले नाही. खाडी दिसायची बंद झाली.

आता घरात माझ्यासकट चार रिमोट झाले. नितेशने आम्हाला एका टोपलीत घातले आणि कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, एक, दोन, तीन, चार. आधी दोन नंबरने पेटी लावायची, मग तीनने आवाज, मग चारने सिनेमा. मला एक नंबर दिला आणि माझा आवाज शून्यावर नेऊन ठेवला. म्हणे, आता टीव्हीचा स्वतःचा आवाज लागतच नाही.

महादूने घोगरा सूर काढून हात पुढे केला. यशोदाने मला टोपलीतून काढून त्याला दिले. त्याने आवाज तीनदा वरखाली केला. यशोदा पाणी घेऊन आली. पण टीव्हीचा आवाज आणि थिएटरचा आवाज एकमेकांत मिसळले आणि नितेश वैतागला. "बाबा, तेका हात लावू नकात. सगळा सेटिंग बिघाडता."

दुसऱ्या दिवशी दुपारी आरती झाल्यावर वाडीतली माणसे नवे थिएटर बघायला बसली. तीन नंबरच्या रिमोटमधले सेल संपले होते आणि चतुर्थीमुळे दुकाने बंद. नितेशने माझे झाकण उघडले, दोन्ही सेल काढले आणि झाकण लावून मला परत महादूच्या हातात दिले. सर्वेशने विचारले, "असोच दिलंस?" नितेश म्हणाला, "त्येंका बटणां दाबूचो चाळो लागलो हा. दाबूदेत."

मी महादूच्या हातात होतो आणि माझ्यात काही नव्हते. त्याला ते माहीत नव्हते.

सिनेमा सुरू झाला. मारामारीचा होता. काळ्या डब्याच्या धडधडीने भिंतीवरची तसबीर हलत होती. महादूला बाहेर जायचे होते. त्याने आवाजाचे बटण दाबून धरले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबले. मग त्याने घशातून सूर काढला, पण त्या गोंगाटात तो माझ्याशिवाय कोणालाच ऐकू गेला नाही. यशोदा मागे मोदक उकडत होती. खोलीत पंधरा माणसे होती आणि त्यातल्या एकानेही मान वळवली नाही. तो किती वेळ दाबत राहिला ते मी सांगणार नाही. मला अजून त्या गोष्टीचा राग येतो.

शेवटी खाटेवरून पाणी जमिनीवर ठिबकू लागले. एका बाईने पाय उचलून घेतले तेव्हा सगळ्यांनी पाहिले. नितेश उभा राहिला. शरमेने त्याचा चेहरा लाल झाला होता. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "बाबा, सांगूक काय झाला तुमका?"

महादूने मला फेकले. डाव्या हाताने, होता नव्हता तेवढा जोर लावून. मी पुढच्या स्पीकरवर आपटलो, त्याची जाळी आत गेली आणि माझा कोपरा तुटला. मला त्याचे वाईट वाटले नाही.

आवाज ऐकून यशोदा आली. तिने खाट पाहिली, नवऱ्याकडे पाहिले, मग खाली वाकून मला उचलले आणि झाकण उघडले.

"ह्येतले सेल खंय गेले?"

"नव्या रिमोटात घातलंय. आये, आज दुकाना बंद..."

"आणि रिकामो रिमोट त्येंच्या हातात दिलंस."

"चाळो आसा त्येंका, म्हणान..."

"चाळो न्हय तो," यशोदा म्हणाली. ती ओरडली नाही. "चार वर्सां ते माझ्यावांगडा असेच बोलतत. तहान, भूक, भायर जावचा, सगळा. तू त्येंचा तोंड बंद केलंस, नितेश. आणि वर इचारतंस, सांगूक काय झाला."

"माका कोणी सांगला नाय."

"तू इचारलंस कधी?"

तिने भिंतीतली वायर खसकन ओढली. खोली एकदम शांत झाली. माणसे उठून गेली. नितेश गरम पाण्याची बादली घेऊन आला आणि बापाचे कपडे बदलायला वाकला. महादूने त्याचा हात झटकला. यशोदा आली तेव्हाच त्याने अंग सैल सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नितेशने एकट्याने सगळ्या वायरी उपटल्या, खाट खिडकीशी नेली आणि थिएटर सर्वेशच्या घरी दिले. माझ्यात सेल घातले. सैल पडलेल्या झाकणाला रबर लावले आणि मला बापाच्या हाताशी ठेवले. तो मस्कतला परत जाईपर्यंत दहा दिवस महादूने त्याच्यासमोर टीव्ही लावला नाही. त्याचे बरोबरच होते, असे मी म्हणतो.

नितेश दर शुक्रवारी फोन करी. पूर्वी तो आईशीच बोलत असे. आता म्हणू लागला, "बाबांच्या कानाक लाव." पहिल्या शुक्रवारी महादूने मला चादरीवर पालथे घातले. पुढचे तीन शुक्रवारही तेच. पाचव्या वेळी नितेश म्हणाला, "बाबा, आज माका ताप आसा. खोलयेर एकटोच आसय." यशोदाने फोन तसाच धरला. महादू बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग त्याने मला उताणे केले आणि टीव्हीचा आवाज वाढवला, वाढवतच नेला.

यशोदा फोनमध्ये म्हणाली, "आयकलंस? बापूस हाक मारता तुका."



यंदा, २०१० च्या उन्हाळ्यात, महादू गेला. कार्य उरकल्यावर नितेशला मला आठवण म्हणून मस्कतला न्यायचे होते. यशोदा म्हणाली, "टीव्ही हय आसा, रिमोट हयच ऱ्हवतलो." मी इथेच आहे. संध्याकाळी ती बातम्या लावते, आवाज बारीक ठेवते.

मित्रांनो, तुमच्या घरी नव्या वस्तू खुशाल येऊ देत. जुन्या झाल्या म्हणून आम्हाला अडगळीत टाकलेत तरी मी भांडणार नाही. पण एखाद्याच्या हातातून जुनी वस्तू काढून घेण्याआधी त्याला विचारा, तिचे तो काय करतो. ज्याला बोलता येत नाही त्यालाही विचारा. त्याला उत्तर द्यायला वेळ लागेल. तोवर त्याच्यापाशी बसून राहा.