शेवटाकडून वाचलेला पत्ता

"अगं बाई, या तीनशे कंपन्यांचं नाव एकच कसं?"

करुणाताई हे मोठ्यानं बोलल्या नाहीत, मनातल्या मनात म्हणाल्या. समोर श्रेयाच्या पडद्यावर बाराशे ओळींची यादी उघडी होती आणि श्रेया स्वतः खाली राजकुमारच्या टपरीवर चहा सांगायला गेली होती. गेली कसली, जिन्यावरून उड्या मारत गेली. बाराशे पत्ते तिनं डोळ्याची पापणी लवायच्या आत फोडून त्यातली नावं काढली होती ना!

बजाजनगरात एका पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर हे ऑफिस. काम सरळ होतं. देशभरातल्या लहान कारखान्यांच्या वेबसाइटचे पत्ते यायचे, लांबच्या लांब. त्यातून कंपनीचं नाव तेवढं उचलून वेगळ्या रकान्यात टाकायचं. अकरा वर्षं करुणाताई हे हातानं करत होत्या, दिवसाला दोनशे. त्या कामात एवढ्या बुडायच्या की अकराचा चहा बाराला आठवायचा. तोवर त्यावर साय. सगळं ऑफिस चिडवायचं, "ताईंचा चहा म्हणजे सरबत!" त्याही हसायच्या आणि ते सरबत प्यायच्या.

आणि मग महिन्याभरापूर्वी श्रेया आली. बावीस वर्षांची, चितेगावची, केसाला क्लिप आणि तोंडाला कुलूप नाही. तिनं सांगितलं, "ताई, याला रेगेक्स म्हणतात. एकच ओळ लिहायची. कंस, ठिपके, चांदण्या. त्या ओळीनं कॉम्प्युटरला सांगायचं, पत्त्यातला कुठला तुकडा उचलायचा. बस, झालं काम!"

ऑफिस चालवणाऱ्या अभय सरांनी आज सकाळी दोघींसमोरच सांगून टाकलं होतं. श्रेयाचा चाचणीचा महिना आज भरतो. दुपारी बारा वाजता पुण्याच्या गिऱ्हाइकाला यादी बरोबर गेली तर ती कायम, आणि मग पत्ते फोडायला वेगळा माणूस लागणार नाही. नाही जमलं तर श्रेयाला रामराम. करुणाताईंकडे बघून ते म्हणाले होते, "तुमचं... बघू आपण." माणूस वाईट नव्हता. फक्त बोलताना नजर टेबलाकडे होती.

घरी लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. ते 'बघू' सकाळपासून करुणाताईंच्या डोक्यातून जात नव्हतं.

आणि आता ही यादी! नावाच्या रकान्यात ओळीनं 'को', 'को', 'को'. मध्येच एखादा 'ऑर्ग', एखादा 'नेट'. करुणाताईंना एका नजरेत कळलं. पोरीनं शेवटच्या ठिपक्याच्या आधीचा तुकडा उचलायला सांगितलं होतं. जिथं शेवटी नुसतं 'कॉम' होतं तिथं नाव बरोबर आलं. पण आपल्याकडच्या कितीतरी पत्त्यांच्या शेवटी 'को डॉट इन' असतं. तिथं 'को'च नाव होऊन बसला. पहिल्या पन्नास ओळी सगळ्या 'कॉम'च्या होत्या. पोरीनं तेवढ्याच तपासल्या आणि गेली चहाला.

करुणाताईंना हे कळणारच. त्यांचे वडील पुंडलिकराव बिडकीनच्या पोस्टात टपाल वाटायचे. लहानग्या करुणाला टपालाच्या ढिगाजवळ बसवून म्हणायचे, "पोरी, पत्ता खालून वाचावा. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. माणूस सगळ्यात शेवटी." वेबसाइटचा पत्ताही त्या तसाच वाचायच्या. 'इन' हा जिल्हा, 'को' हा तालुका, आणि त्याच्या अलीकडे बसलेला माणूस. श्रेयाच्या ओळीनं तालुक्यालाच माणूस समजलं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी. गप्प बसलं तर? यादी जाईल, पुण्याहून शिव्या येतील, पोरगी घरी जाईल आणि खुर्ची आपली राहील. आपण तर काही केलंच नाही! करुणाताई आपल्या जागेवर जाऊन बसल्या. पुढचा पत्ता उघडला. वाचवेना. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःची लाज वाटली. श्रेयाचे वडील चितेगावातल्याच एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला होते, आणि पोरगी रोज डब्यातली अर्धी भाकरी आग्रहानं आपल्याला खायला घालत होती.

श्रेया चहाचे ग्लास घेऊन वर आली तशा त्या कडाडल्या, "अय शहाणे! इकडं ये आधी. हे काय करून ठिवलं?"

श्रेयानं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "अरे देवा! ताई, मेरी तो वाट लग गई. बाराला पाठवायचंय!"

"रडतीस कामून? बस इथं." करुणाताईंनी ड्रॉवरमधून आपली लांबडी वही काढली. अकरा वर्षांत अडलेला एकेक पत्ता त्यात लिहिलेला. "हे बघ, लई नाय, पाच-सहाच तालुके हायेत. को, ऑर्ग, नेट, एसी, गव्ह. शेवटून ये. तालुका असंल तर वलांड, नसंल तर नको वलांडू. असं सांगता येतं का तुझ्या त्या ओळीला?"

श्रेया बघतच राहिली. "येतं की! कंसात सगळे तालुके, आणि पुढं प्रश्नचिन्ह. म्हणजे असला तर असला, नसला तर नसला."

"मंग लिही."

वहीची पानं एकेक उलटत गेली. वाक्यातून उचललेल्या पत्त्याच्या टोकाला चिकटलेला ठिपका, सुरुवातीचा तिहेरी डब्ल्यू, मधेच घुसलेली मोकळी जागा. करुणाताई सांगत होत्या, श्रेया ओळ लांबवत होती. शेवटच्या पानाशी करुणाताईंचं बोट क्षणभर थांबलं; हे उलटलं की आपल्यापाशी वेगळं असं काही उरणार नव्हतं. मग त्यांनी तेही पान उलटलं.

श्रेयानं बटण दाबलं. बाराशे नावं. करुणाताईंनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. एकही चूक नाही.

"सर!" श्रेया ओरडली. "झालं! चूक ताईंनी पकडली, सर. सगळं ताईंनी सांगितलं."

अभय सर आले, यादी बघितली, वही बघितली. मग करुणाताईंकडे बघितलं, या वेळी नीट. "ताई, तुम्हाला माहीत होतं ना, मी सकाळी काय म्हणालो ते?"

"व्हय सर. पण चुकीची यादी कशी जाऊ द्यायची?"

सरांनी वही मिटून दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर ठेवली आणि ते केबिनमध्ये गेले.

श्रेया पुण्याला यादी पाठवायला वळली. करुणाताईंनी सवयीनं पुढचा पत्ता बघायला मान वळवली, तर पुढं पत्ताच नव्हता; त्या एका ओळीनं सगळे संपवले होते. म्हणून त्यांनी राजकुमारनं नुकताच आणून ठेवलेला दुसऱ्या चहाचा ग्लास उचलला आणि पहिल्याच घोटाला जीभ भाजली. अकरा वर्षांत पहिल्यांदा चहा गरम होता.