खरी तारीख

टेलरबाईच्या दुकानात गिऱ्हाईक आत शिरलं की समोरच पाटी दिसायची: "खरी तारीख सांगावी." गिऱ्हाईकं भारी चलाख. समारंभ वीस तारखेला असला तरी दहा सांगायची, म्हणजे कपडे वेळेत मिळतात. मग बाई भडकायची. "घाईत शिवलं की बिघडतं, आणि नाव माझं खराब होतं! मला फसवून तुमचं काय भलं होणार आहे?" एकदा तर एका मास्तरांना तिने कोटासकट बाहेर काढलं होतं.

तीच बाई आज दवाखान्याच्या बाकावर पोट सांभाळत खाली मान घालून बसली होती. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला धाकटी जाऊ. जावेचेही दिवस भरलेले, तरी मोठीची बॅग तिच्याच मांडीवर. आत डॉक्टरीणबाई सांगणार होत्या, की उद्या सकाळी औषध देऊन कळा आणायच्या की वाट बघायची. तारखेवर सात दिवस उलटून गेले होते, आणि सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीपासून बाळही अंगाने बारीक दिसत होतं.

बारीक नाही तर काय दिसणार? बाळ पंधरा दिवसांनी लहानच होतं, आणि हे जगात एकट्या टेलरबाईला ठाऊक होतं.

झालं होतं असं. लग्नाला सात वर्षं होऊन तिची कूस उजवली आणि त्याच आठवड्यात, लग्नाला वर्षही न झालेल्या जावेने जेवताना लाजत लाजत गोड बातमी फोडली. सासू उठून तिला पोटाशी धरायला निघाली, आणि मोठीच्या तोंडून निघून गेलं, "मला तर हिच्याही आधीचे दिवस आहेत!" खरं तर तिचे दिवस जावेच्या आठ दिवस मागे होते. पुढे तपासणीला सासू शेजारीच बसली, तेव्हा डॉक्टरांनाही तीच थाप. यंत्र चुगली करेल या धास्तीने सोनोग्राफी 'सीझन आहे, ऑर्डरी आहेत' म्हणत तिने सातव्यापर्यंत ढकलली. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, आता एवढ्या उशिरा यंत्रावरून तारीख पक्की होत नाही, तुम्ही सांगितलेलीच धरू.

घरात तिच्या 'औषध नको, थांबू या'ची टिंगल चालली होती. नवरा म्हणे, "टेलरची डिलिव्हरी, वेळेवर होईलच कशी!" सासूला मात्र हसू फुटत नव्हतं. "माझ्याच हातून आबाळ झाली गं हिची," असं ती शेजारणींना सांगायची. ते ऐकून टेलरबाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण जीभ काही उचलायची नाही.

"ताई, घाबरू नका," जाऊ कानाशी म्हणाली. "तुमचं आधी होऊ दे. माझ्याला मी दटावून ठेवलंय, रांगेत उभा राहा म्हणून."

तेवढ्यात नाव पुकारलं. तिघी आत गेल्या.

डॉक्टरांनी फाइल चाळली. "बाळ बारीक, दिवस उलटलेले, आणि शरीराची तयारी अजून काहीच नाही. औषधाला दाद मिळाली नाही तर ऑपरेशन करावं लागेल. तरी दिवस पाहता मी थांबायला सांगणार नाही. उद्या सातला दाखल व्हा. सही करा इथे."

टेलरबाईने पेन उचललं. पाटी डोळ्यांसमोर आली. घाईत शिवलं की बिघडतं. आणि हे काही कापड नव्हतं, उसवून पुन्हा शिवायला.

"तारीख खोटी आहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की पुन्हा सांगावं लागलं. "पंधरा दिवस आधीची सांगितली होती मी. हिच्या आधी माझं व्हावं म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा काढला, बोटांवर मोजलं, दोनदा मोजलं. मग थंडपणे म्हणाल्या, "म्हणजे तुमचे दिवस अजून भरलेलेच नाहीत. बाळाचं वजनही ठीक आहे. उद्या काही करायचं नाही. दोन दिवसांनी दाखवून जा. तुम्ही असं खोटं सांगितलं तर आम्ही उपचार करायचे तरी कसे?"

सासू तिच्याकडे वळली. "अगं, मोठी सून तूच होतीस की," ती म्हणाली. "आणि मी दोन महिने हिच्या वाटणीचं दूधसुद्धा तुझ्या पेल्यात ओतलं. ही बिचारी काही बोलली नाही."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं टेलरबाईला वाटलं. निदान जावेने चार शब्द सुनवायला हवे होते. ती मात्र बॅग तशीच दोन्ही हातांत धरून उभी होती.

"आता तुमची फाइल," डॉक्टर चष्मा पुन्हा लावत जावेला म्हणाल्या. कागद उलटता उलटता त्या थांबल्या आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "तुमची तारीख आजची लिहिलीय. खरी आहे ना?"

जाऊ कानापर्यंत लाल झाली. चोरी तिनेच केली असावी तशी मान खाली गेली.

"खरी आहे हो," ती म्हणाली. "शप्पत."