देवीच्या वायरीवरचा मीटर

बलभीमला एका जागी बसणं म्हणजे शिक्षा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी बसून राहायला सांगितलं होतं, म्हणूनच की काय, तो दिवसभर उभा असायचा. आज तर विचारूच नका. जळकोटला हायवेच्या कडेला सिद्धाराम मिस्त्रीच्या गॅरेजसमोर त्याच्या जुन्या ट्रकची पुढची दोन्ही चाकं उतरवून ठेवली होती, आणि काठी टेकत बलभीम या चाकाकडून त्या चाकाकडे येरझाऱ्या घालत होता.

"आण्णा, बसा की जरा. तुमची सावली कामावर पडायलीय," सिद्धाराम म्हणाला.

"ब्रेकचं लायनर नीट बसव. तेलाचा हात लावू नको त्याला."

"तुमी सांगायच्या आधीपासनं हेच काम करतोय म्या."

बलभीमच्या जीवाची घालमेल उगीच नव्हती. डॉक्टरांनी क्लच दाबायला कायमची बंदी घातली तेव्हा ट्रक विकायचं ठरलं होतं. भूम गावचं गिऱ्हाईक गाडी बघूनही गेलं. तेवढ्यात त्याची लेक शिवांजली मोठ्या गाडीचं लायसन घेऊन पुढ्यात उभी राहिली. म्हणाली, गाडी विकायची नाही, मी चालवते. स्टिअरिंग तिच्या हातात दिलं होतं ते यानंच, हौसेनं, शेताच्या रस्त्यावर. ती हौस आता अंगलट आली होती.

शेवटी त्यानं शब्द दिला. पुढचे ब्रेक नवे करायचे, हायवेला एक चक्कर मारायची. सगळं ठीक निघालं तर उद्या तुळजापूरहून सोयाबीन भरून सोलापूरला शिवांजली नेणार, घाट उतरून, एकटी. जरा जरी खोट निघाली तर गाडी भूमला. लेकीनं गाडी चालवावी असं त्याला वाटत होतं, आणि लेक घाटात जाऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत असल्यावर माणूस बसणार कसा?

या गाडीचे ब्रेक हवेवर चालणारे. हवा दाखवणारा कंपनीचा मीटर कधीचाच मेला होता, पण बलभीमचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. हवेची टाकी भरली की खालून 'फस्स' आवाज यायचा, तेवढ्यावर त्यानं सारी हयात घाट चढले-उतरले. पोरीच्या कानांवर मात्र त्याचा भरवसा नव्हता. म्हणून त्यानं सोलापूरहून नवा, विजेवर चालणारा मीटर आणला होता.

"चाकं चढवली की मीटर जोडतो," सिद्धाराम म्हणाला. "टाकीचं काम झालंय. विजेची लाइन तेवढी चावीवरनं घ्यायची. डॅशबोर्ड खोलावा लागंल."

धीर धरणं बलभीमच्या घराण्यात कुणालाच जमलं नव्हतं. सिद्धारामची पाठ वळताच तो एका पायावर जोर देत केबिनमध्ये चढला आणि भरवशाची वायर शोधू लागला. हेडलाइटच्या वायरीनं त्याला ऐन पावसात दगा दिला होता. हॉर्नची वायर तर जन्मापासूनच लहरी. सगळ्या गाडीत इमान राखून होती ती एकच वायर, काचेवरच्या तुळजाभवानीच्या फोटोला जाणारी. फोटोभोवती लाल-हिरव्या दिव्यांची माळ होती, आळीपाळीनं लुकलुकणारी. आधी देवीचं बटण, मग चावी, ही या गाडीची रीत. बलभीमनं माळेतूनच लाइन ओढली, टेप गुंडाळली आणि बटण दाबून पाहिलं. टाकी रिकामी असल्यानं काटा शून्यावर पडून होता, पण मीटरच्या आतला दिवा लुकलुकला. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं. खाली उतरून त्यानं सिद्धारामला, मीटर जोडला म्हणून, ऐटीत सांगितलं.

दुपारी चाकं चढली, तोवर त्याची बायको कस्तुराबाई शिवांजलीबरोबर डबा घेऊन आली. नव्या ब्रेकांसाठी तिनं चाकापुढं नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा लेकीच्या हातावर ठेवला आणि बाजूला जाऊन उभी राहिली. काही बोलली नाही. ती कधीच काही बोलायची नाही. बलभीम खेपेवरून परतला की ती तवा टाकायची. रस्ता कसा होता, घाटात काय झालं, अवाक्षर नाही. एकदा तो चिडून म्हणालाही होता, "अगं, मेलो का जगलो येवढं तरी इचार!" त्या दिवशीही ती भाकरीच थापत राहिली होती.

शिवांजलीनं देवीचं बटण दाबलं, हात जोडले, चावी फिरवली. हवा भरू दिली आणि गाडी नळदुर्गच्या दिशेनं काढली. बलभीम शेजारी बसला होता. रस्त्याकडं त्याचं लक्षच नव्हतं, डोळे मीटरवर खिळलेले. काटा वर गेला, झपकन खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"थांबव! हवा चालली!"

"आप्पा, काय झालं?"

"थांबव म्हणतो ना!"

तिनं ब्रेक दाबला. गाडी इकडं-तिकडं न ओढता सरळ कडेला थांबली. बलभीमच्या गुडघ्यातून मात्र कळ मस्तकात गेली. उजवा पाय त्यानं जीव खाऊन दाबला होता, पण त्याच्या बाजूला पायाखाली नुसता पत्रा होता.

"हवा कुठं चाललीय? आत्ताच तर फस्स झालं. तुमी ऐकलं न्हाय?"

त्यानं ऐकलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच काट्याकडं बघत बसला आणि कान विसरला. पण कबूल करील तर तो बलभीम कसला!

"काटा काय खोटं बोलतोय व्हय? खोट निघाली. शब्द म्हंजी शब्द. गाडी भूमला."

हे म्हणताना त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचीच लाज वाटली.

शिवांजली वाद घालत बसली नाही. ती काट्याकडं बघत राहिली, मग देवीकडं. हात वर करून तिनं माळेचं बटण बंद केलं. काटा गपकन शून्यावर पडला. बटण चालू केलं. दिवे लुकलुकू लागले आणि त्यांच्या तालावर काटाही नाचू लागला.

"आप्पा, मीटरची लाइन कुठनं घेतली?"

बलभीम खिडकीबाहेर बघू लागला. तिकडं बघतच म्हणाला, "तीच एक वायर भरवशाची हाय गाडीत."

शिवांजली स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली. त्याला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. परत गेल्यावर सिद्धारामनं कपाळाला हात लावला, डॅशबोर्ड खोलला आणि लाइन चावीवरून घेतली. आता काटा शहाण्यासारखा वर जाऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बलभीम टोपी घालून गाडीपाशी हजर झाला. शिवांजलीनं त्याला दारातच अडवलं.

"तुमी येऊ नका, आप्पा. तुमी तिकडं ब्रेक दाबता आन् जीव माझा खाली-वर होतो."

त्याला ते लागलं. पण ती खरं बोलत होती. त्यानं मुकाट्यानं चावी तिच्या हातावर ठेवली.

गाडी गेली आणि बलभीमच्या येरझाऱ्या अंगणात सुरू झाल्या. आता माल भरला असेल. आता घाटाचं तोंड. आता पहिलं वळण. जागोजाग थांबून तो पायानं जमीन दाबत होता. शेवटी राहवेना, तेव्हा त्यानं फोन काढला. कस्तुराबाईनं तो हातातून काढून घेतला आणि ओट्यावर ठेवला.

"घाटातल्या माणसाला फोन करायचा नसतो. ध्यान उडतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतंय? तुमी घाटात असला का माझा हात फोनकडं जायचा. मागं घ्यायची म्या."

बलभीम तिच्याकडं बघतच राहिला. "मला वाटायचं, तुला काळजीच न्हाय. परत आल्यावर कधी इचारलं न्हाईस ते?"

"इचारलं असतं तर तुमी सांगितलं असतं," ती म्हणाली. "मग फुडल्या खेपंला तुमाला जाऊ दिलं नसतं म्या."

काठी भिंतीला लावून बलभीम तिच्या शेजारी ओट्यावर बसला. दोघंही रस्त्याकडं बघत राहिले. बऱ्याच वेळानं फोन वाजला. शिवांजलीचा होता. बलभीमनं झडप घालून उचलला, कानाकडं नेला, आणि अर्ध्यात हात थांबवला.

"घे, तू बोल आधी," तो कस्तुराबाईला म्हणाला. "तू लई वाट बघितलीस."