वलगावले थांबनारा ठिपका

माह्या भावानं, देवमननं, पिकअपमंदी गाडी कुठं हाये ते फोनवर दाखवनारं यंत्र चुपचाप बसवलं. गाडी त्याची, चालवनारे आमचे हे, जानराव. बोंडअळीच्या साली देवमनचा बियान्याचा धंदा पार बसला होता, तवापासून त्याले सारेच चोर दिसत. "भाऊजी डिझल इकतात," म्हने. अन् वरून मलेच फोन आनून देला. "गोदाबाई, घरी बसल्या पाहत जा. त्यायले सांगू नको."

लाज नाई वाटली मेल्याले! बायकोले नवऱ्यावर पहारा द्याले लावते! पन खोटं काहून सांगू, मी पाहाले लागली.

दुपारी अकोल्यात आमच्या गल्लीत सामसूम असे. मी दाराशी पडून राहायची अन् फोनमंदी तो निळा ठिपका दर्यापूरच्या रस्त्यानं सरकायचा. त्याच्यासंग मीबी जायची. म्हैसांग गेलं, पूर्नेचा पूल गेला, दोन्हीकडं कपाशीची पऱ्हाटी. अर्धी झोप, अर्धी जाग. लग्न झाल्यापासून यायच्यासंग मी इतकी कधी फिरली नोती.

एका गुरुवारी ठिपका दर्यापूरच्या पुढं, वलगावच्या एका गल्लीत थांबला. चाळीस मिनिटं! पुढल्या गुरुवारीबी तसंच. बाई ठेवली का काय यायनं? मी नुसती धुमसत होती. संध्याकाळी हे आले, त शर्टाले तुटलेलं बटन लावलेलं. उलटून पाह्यलं. धागा चार डाव गुंडाळून गाठ आतून. तसं बटन लावाले मी एकीलेच शिकवलं होतं.

प्राजक्ता. दोन वर्साआदी जातीबाहेरच्या पोराचा हात धरून गेलेली माही पोरगी. "मेली ते आमाले," असं हेच भर अंगनात बोल्ले होते, अन् मी मान हालवली होती. देवमन म्हने, सापडली त जित्ती सोडत नाई.

मंग दर गुरुवारी ठिपका थांबला का मी डोळे मिटायची. आता तिनं चहा टाकला असन. आता बापाले इचारत असन, माय कशी हाये. मले तिची चूल दिसे, हातातल्या बांगड्या दिसत.

पन एक दिवस देवमन आला. "माह्या फोनातबी दिसते मले. वलगावले काय करतात भाऊजी? येत्या गुरुवारी मीच जातो मांगं."

त्या दिवशी वाढता वाढता मी यायले म्हनलं, "गाडीत यंत्र हाये. देवमनले वलगाव दिसते."

यायनं घास ताटात ठेवला. "तुले कवापासून माहीत?"

"बटन लावलं तवापासून."

हे लेकरावानी रडले. मीबी रडली.

गुरुवारी ठिपका वलगावात शिरला अन् न थांबता निंगून गेला. देवमन हात हालवत वापस आला. पोरगी वाचली. पन माय वो, तो ठिपका पुढं सरकला त मी त्याच्यावर बोट दाबून धरलं. तेवढीच त भेट होती माही.

शनिवारी सकाळी अंबाडीची भाजी केली. यायले चालत नाई, तिले लय आवडे. फोन गव्हाच्या डब्यात दाबला अन् दर्यापूरवरून वलगावले जानाऱ्या यष्टीत बसली. माह्यावर कोनी यंत्र बसवलं नोतं. पूल आला, पऱ्हाटी आली, सारं पाहेलच होतं. गल्लीबी पाठ होती, दार यायनं सांगतलं होतं.

कडी वाजवली. आतून आवाज आला, "कोन?"

मी भाजीचा डबा पुढं धरला. मंग म्हनलं, "उघड वो लवकर, अंबाडी थंडी होऊन राहिली."