चार नंबरच्या टेबलावर दिव्या

त्या दुपारी दिव्या पोटभर जेवली. भात, मासोळी, कोंबडी, आणि तो आंबलेला कोबीसुद्धा. तिच्या मायनं, इंदिराबाईनं, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पण तूर्त असं काही घडलेलंच नाही, असं धरून चालू. कारण दिव्याला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि गेलेल्या माणसानं हॉटेलात जेवणं शहरातल्या लोकांना पटत नाही.

तर इंदिराबाई आणि तिचा नवरा खुशाल चंद्रपुरात 'चांदा-सोल कोरियन रेस्टॉरंट'च्या दारात उभे होते. पाटीखाली बारीक अक्षरांत 'येथे साबुदाणा वडाही मिळेल' असं लिहिलेलं होतं.

"चपला काढाव का?" खुशालनं विचारलं.

"काऊन? देऊळ हाय का?"

"आत अंधार हाय ना. मले वाटलं गाभारा असंल."

मूलजवळच्या एका गावात खुशाल तळ्यात जाळं टाकायचा आणि इंदिराबाई बाजारात मासोळी विकायची. पोरगी एकच, दिव्या. सिकलसेलची. थंडी पडली की तिची हाडं दुखत, आणि हाडं दुखली की ती गोधडीत शिरून मोबाइलवर कोरियन मालिका पाही. "माय, थे लोक आपल्यासारखेच हायत वो," ती सांगे. "भेटले का पयले पुसतात, जेवली का?" चंद्रपुरात असं हॉटेल उघडल्याचं तिनंच शोधून काढलं होतं. दुखणं कमी झालं की जाऊ, असं ठरलं होतं. दुखणं कमी झालं नाही. एकदम थांबलंच.

पितरपंधरवड्यात गेलेल्याच्या जागी त्याच्यासारखंच कोणी बसवून जेवू घालायचं, ही त्यांच्या घरची रीत. सैपाक घरच्या हातचा लागतो. शेवटी विचारायचं, "पोट भरलं का?" बसलेल्यानं आपल्या तोंडानं "भरलं" म्हटलं, की तिकडे पोचलं. नाही म्हटलं, तर गेलेला जीव वर्षभर उपाशी. खुशालच्या आज्याच्या जागी एकदा वारलू नावाचा म्हातारा बसवला होता. परातभर वडे संपले तरी तो "भरलं" म्हणेना. शेवटी कोणीतरी बिडी पेटवून दिली, तेव्हा म्हणाला. आज्याला जेवणावर बिडी लागायची, हे मग सगळ्यांना आठवलं.

दिव्याच्या जागी तिची मैत्रीण बसायची होती. पण उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, आणि इथे कुमारिकाच पाहिजे.

"चंद्रपुरात पोरींची काय कमी?" इंदिराबाई बसमध्ये म्हणाली होती.

"आपुन पोरगी हुडकाले आलो, असं कोनापाशी बोलू नोको," खुशाल म्हणाला होता. "मार खाऊ."

आत मॅनेजर प्रफुल्ल उभा होता. तो राजुऱ्याचा. कोरियाच्या दिशेनं तो नागपूरपर्यंत जाऊन आला होता. त्यानं छातीवर हात ठेवून "अन्न्योंग हासेयो" केलं. खुशालनं "राम राम" केलं. दोन्ही देशांचं समाधान झालं.

त्यांना चार नंबरच्या टेबलावर बसवलं. एक पोरगी आली आणि कमरेत वाकली. लांब गुलाबी झगा, छातीवर पट्टी: 'मिन-जी'.

इंदिराबाई तिच्याकडे पाहतच राहिली. चेहरा दिव्यासारखा नव्हता, उंचीही नव्हती. पण वय तेच होतं. इंदिराबाईला तेवढं पुरलं.

"तुहं खरं नाव काय, बाई?"

पोरीनं मॅनेजरकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "करिश्मा. आरमोरीची हावो मी."

"लगन झालं?"

"अवं!" खुशाल कळवळला. "मार खाऊ म्हनलो होतो ना तुले!"

तेवढ्यात प्रफुल्लनं टेबलाच्या मधली झाकणी उचलली. खाली शेगडी होती, वर जाळी. छतातून हत्तीच्या सोंडेसारखं धुराडं खाली आलं. कच्च्या मासोळीची आणि कोंबडीची ताटं आली, वाट्यांत भात, लाल चटण्या आणि कोबी.

"आमच्याकडे ग्राहक स्वतः भाजून घेतात," प्रफुल्ल म्हणाला. "हा एक्सपीरियन्स आहे."

"म्हंजे जेवाले आलो आमी, अन् सैपाकबी आमीच कराव?"

"हो सर."

"आन भांडे?"

"भांडे आम्ही घासतो."

"उपकार झाले." खुशालनं कोबी तोंडात घातला आणि थांबला. "भाऊ, हा खराब झाला."

"सर, तो मुद्दाम आंबवलेला असतो."

"तेच म्हनून राह्यलो."

इंदिराबाई मात्र शेगडीकडे पाहत होती. सकाळपासून तिला एकाच गोष्टीचा घोर होता. हॉटेलचं अन्न आचाऱ्याच्या हातचं, ते पोरीला पोचणार कसं? आणि इथे तर विस्तवच तिच्यापुढे आणून ठेवला होता. दिव्यानं हे मालिकेत पाहिलं असणार. माहीत होतं कारटीला.

"करिश्मा, बस," ती म्हणाली. "माह्या पोरीच्या जागी बस. पितर हाय तिची."

करिश्मा मागे सरकली. "मावशी, आमाले बसता येत नाई. साहेब पाहून राह्यले."

प्रफुल्लनं सगळं ऐकलं होतं. "मावशी, स्टाफनं ग्राहकासोबत बसायचं नाही. नियम आहे. कोरियन पद्धत आहे."

"कोरियात मानसं मरत नाईत का?" इंदिराबाईनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "मेलेल्याले थे लोक जेवू घालत नाईत?"

हे प्रफुल्लच्या प्रशिक्षणात नव्हतं. त्यानं मोबाइल काढून विचारलं. वाचता वाचता त्याच्या भुवया वर गेल्या. "घालतात," तो म्हणाला. "ताट मांडतात. आणि याच दिवसांत घालतात."

त्यानं मोबाइल खिशात घातला आणि एकदा दाराकडे पाहिलं.

"बसा, मिन-जी," प्रफुल्ल म्हणाला. "पण पुढचं गिऱ्हाईक आलं, की उठायचं."

करिश्मा बसली. खुर्चीच्या अगदी काठावर, हाक येताच उठता यावं अशी. इंदिराबाईनं तांब्यातल्या पाण्यानं तिचे हात धुतले आणि पर्समधल्या डबीतलं कुंकू कपाळाला लावलं. मग तिनं जाळीवर मासोळी टाकली. तुकडे करायला टेबलावर चक्क कैची ठेवलेली होती. खुशालनं ती हातात घेऊन पाहिली. "शिंपी हायत का हे लोक?" इंदिराबाईनं ती घेतली आणि काटे काढून बारीक बारीक तुकडे केले. दुखण्यात दिव्याचा जबडाही दुखायचा. तेव्हापासून तिच्या हाताला मोठा तुकडा करणं जमतच नव्हतं.

करिश्मा हळूहळू खाऊ लागली. मग भराभर.

"कशी लागते?" खुशालनं विचारलं.

"मले नाई मालूम होतं अशी लागते मनून," ती म्हणाली. "उघडल्यापासून वाढून राह्यली, पन खाल्लं कवाच नाई. आमचा डब्बा असते."

इंदिराबाई मासोळी, मग कोंबडी भाजत राहिली, करिश्मा भातासोबत खात राहिली. तिनं कोबीही संपवला. खुशालनं तिच्याकडे आदरानं पाहिलं.

मग दार उघडलं. वाढदिवसाची टोपी घातलेला एक माणूस, आणि त्याच्यामागे त्याला टोपी घालणारे सगळे आत आले. प्रफुल्लनं लांबून चुटकी वाजवली.

इंदिराबाईचा हात थांबला. "पोट भरलं का?" तिनं घाईनं विचारलं.

करिश्मा उत्तर देईना.

"भरलं म्हन बाई," खुशाल कुजबुजला. "तुह्या नोकरीचा सवाल हाय."

दुसऱ्यांदा चुटकी वाजली. करिश्मा जाळीकडे पाहत होती. तिथे शेवटचा तुकडा कडेनं लाल होत होता.

"एक राह्यला ना, माय," ती म्हणाली, आणि उठली नाही.

इंदिराबाईनं तो तुकडा उचलला, फुंकर मारली आणि तिच्या तोंडात घातला. करिश्मानं तो सावकाश चावला. सगळं हॉटेल तिच्यासाठी खोळंबलं होतं.

"भरलं," ती म्हणाली.

मग ती उठली. कपाळावरचं कुंकू तिनं हातानं पुसलं, झगा सारखा केला आणि त्या टोपीवाल्यापुढे कमरेत वाकली. इंदिराबाईला तिला एकदा हाक मारावीशी वाटली. मारली नाही. उठलेल्या पितराला मागून हाक मारत नाहीत. तिनं गार झालेला भात पुढे ओढला. घरच्यांनी मागून जेवायचं असतं.

निघताना प्रफुल्लनं खुशालपुढे एक कागद ठेवला. वर हसरे-रडके चेहरे, खाली 'आपला अनुभव व सूचना'. खुशालनं जन्मभर तळ्याच्या ठेक्यासाठी मच्छीमार संस्थेचे अर्ज लिहिले होते. कागदावर त्याला दुसरी भाषा येतच नव्हती. त्यानं एकाही चेहऱ्यावर खूण केली नाही. पेन घट्ट धरून त्यानं लिहिलं:

'मा. व्यवस्थापक साहेब यांचे सेवेशी. विषय : कु. दिव्या हिच्याबाबत. महोदय, जेवण चांगले होते. कोबीची चौकशी व्हावी. अर्जदाराची मुलगी कु. दिव्या खुशाल मांढरे ही आपल्याकडे येण्यास फार दिवसांपासून इच्छुक होती, परंतु अपरिहार्य कारणास्तव आज समक्ष हजर राहू शकली नाही. तरी तिला आपल्या सोयीच्या कोणत्याही एका दिवशी, फक्त जेवणाच्या वेळेपुरते, चार नंबरच्या टेबलावर पाठवण्यात यावे, ही नम्र विनंती. भाजून देण्यास तिची आई हजर राहील. आणण्याची व वेळेत परत पोचवून देण्याची संपूर्ण जबाबदारी अर्जदाराची राहील.'