नुसतं ‘छान’

नव्या मुलीने लॅपटॉप हेडबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि ‘बस’ म्हणायची वाट न पाहता खुर्ची ओढली.

“मॅडम, प्रोग्राममधल्या या ओळी माझ्या नाहीत.”

ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे हेडबाई म्हणत. कोणाचाही प्रोग्राम पुढे जाण्याआधी त्यांच्या नजरेखालून जाई आणि भल्याभल्यांची त्या पिसं काढत. या पोरीचं काम मात्र त्या गुपचूप स्वतःच दुरुस्त करत आणि खाली ‘छान’ लिहून मोकळ्या होत.

“अगं, किरकोळ होतं. म्हटलं, तुला कशाला त्रास?”

“बाकीच्यांना तुम्ही पानभर झापता. मला नुसतं छान. सोमवारी दवाखान्याचे लोक हा पेशंटना वेळ द्यायचा प्रोग्राम बघायला येणार. हे असं का केलं म्हणून विचारलं, तर काय सांगू? मॅडमना विचारून सांगते?”

हेडबाई नोकरीला लागल्या तेव्हा त्यांची पहिली चूक साहेबांनी भर मीटिंगमध्ये वाचून दाखवली होती आणि सगळे खो खो हसले होते. आपल्या हाताखालच्या मुलीवर ती वेळ येऊ द्यायची नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. त्या नादात आपण हिला लिंबूटिंबू करून ठेवलं, हे आत्ता लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“यापुढे माझा हात लागणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण मग रडायचं नाही.”

“रडले तर रडेन. दुरुस्त मीच करणार.”

त्या आठवड्यात हेडबाईंनी तिची अजिबात गय केली नाही. पोरगी चेहरा पाडून जागेवर जायची आणि थोड्या वेळाने नवीन काहीतरी करून, हसत परत यायची.

सोमवारी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, “दोन पेशंटनी एकाच क्षणी एकच वेळ मागितली तर?”

हेडबाईंच्या अगदी जिभेवर उत्तर आलं होतं. त्या घटाघटा पाणी प्यायल्या.

“परवापर्यंत दोघांनाही मिळाली असती,” मुलगी म्हणाली. “वेळ रिकामी आहे का हे आधी बघायचं आणि मग नाव लिहायचं, असं होतं. तेवढ्यात मध्ये दुसरा घुसायचा. आता बघणं आणि लिहिणं एकाच दमात होतं. करून दाखवते.”

तिने दोन हातांत दोन फोन धरून एकदम बटण दाबलं. एका फोनला वेळ मिळाली, दुसऱ्याला प्रोग्रामने पुढची वेळ सुचवली.

हेडबाई बघतच राहिल्या. ते ‘आधी बघायचं आणि मग लिहायचं’ त्यांनीच गुपचूप घातलं होतं. आत्ता तोंड उघडलं असतं, तर तेच ठणकावून सांगितलं असतं.

“बाप रे! मग एवढी मोठी चूक केली होती कोणी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मुलीने ओठ घट्ट मिटले.

“मी,” हेडबाई म्हणाल्या, इतक्या जोरात आणि इतक्या खुशीत, की शेजारी बसलेला दचकला. “आणि पकडली हिने. यापुढे काय विचारायचं ते हिलाच विचारा.”

डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची मुलीच्या बाजूला वळवली.